आईंची सुट्टी
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



घरकामाच्या मोलावर बोलायला मला इथे उभं केलंय. एरवी मी वस्तीतल्या बायकांची उदाहरणं देते. आज माझ्याच घरचं सांगते, कारण त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मीही आहे.

मे महिन्यात आम्ही मॉरिशसला गेलो होतो. धाकटा दीर तिथे नोकरीला आहे, म्हणून राहण्याचा खर्च नव्हता. नाहीतर आमच्या पगारात कुठलं मॉरिशस! नवरा, मुलगी, सासूबाई आणि मी, शिवाय दिराच्या घरची चार. चोवीस दिवस आठ माणसं एका घरात.

शेवटच्या दिवशी सकाळी मी एकटीच पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहायला गेले. १८३४ ते १९२० या काळात करारावर बांधलेले सुमारे पाच लाख मजूर या बेटावर आले. बहुतेक आपल्या देशातले, उसाच्या मळ्यांसाठी आणलेले. मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली, घाटावरची माणसंही त्यांत होती. त्यांच्या वंशजांकडे आजही गणपती बसतात. सुरुवातीच्या जहाजांत बायका फारच थोड्या. पुढे त्या आल्या, मळ्यात राबल्या, संपातही उतरल्या. १९४३ साली बेल व्ह्यू हारेलला संपकरी मजुरांवर गोळीबार झाला, त्यात अंजलाय कुपेन ही गरोदर मजूर बाई मारली गेली. तिच्या नावाचं तिथे स्टेडियम आहे.

घाटाच्या अवशेषांत स्वयंपाकघरही आहे. तिथे उभी राहून मी वहीत लिहिलं, ‘इथे कोण रांधत असेल? तिची नोंद कुठे?’ प्रश्न बरोबरच होता. पण त्याच वेळी माझ्या सासूबाई दिराच्या स्वयंपाकघरात प्रवासासाठी दशम्या लाटत होत्या, आणि त्यांची नोंद माझ्या वहीत नव्हती.

दुपारी परतले तर जाऊ बॅगा भरत होती, पुरुष मंडळी वजनकाट्यावरून वाद घालत होती. आई जमिनीवर बसून दशम्या फडक्यात गुंडाळत होत्या. मला म्हणाल्या, “इथलं समुद्राचं पाणी कोमट असतं म्हणे. खरं का गं?”

मी गप्पच झाले. चोवीस दिवसांत आम्ही सहा वेळा समुद्रावर गेलो. दर वेळी त्या म्हणायच्या, “तुम्ही जा, मी भात टाकून ठेवते.” आणि आम्ही जायचो. मीसुद्धा. परतल्यावर गरम जेवण मिळायचं, ते किती बरं वाटायचं!

मी स्वतःचा बचाव केला. “आई, तुम्हीच नको म्हणायचात ना?”

“म्हणायचे. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.”

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार आपल्या देशात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. हा आकडा मी पाठ म्हणते, पोस्टरवर लिहिते. पण बाईला स्वयंपाकघरात ठेवायला दर वेळी जबरदस्ती लागत नाही, तिचं पहिलं ‘नको’ सोयीस्करपणे खरं मानलं की भागतं. आणि ते मानणाऱ्यांत आपण सुनाही असतो. सासूच्या कष्टांवर सुनेची मोकळीक उभी राहते, हे आपण बैठकांत क्वचितच बोलतो. बोललं की सासू-सुनेचं भांडण म्हणून हसण्यावारी जातं, ही आणखी एक सोय.

मी बॅग तशीच टाकली. जावेने गाडी काढली आणि आम्ही तिघी फ्लिक-आं-फ्लाकला गेलो. दिराने विचारलं, “रात्रीच्या जेवणाचं?” जाऊ म्हणाली, “बघा काहीतरी.”

किनाऱ्यावर सुरूची झाडं, थेट आपल्या कोकणासारखी. वाळूत पोवळ्यांचे तुकडे टोचतात, म्हणून आई माझा हात धरून पाण्यात उतरल्या. साडी वर खोचून गुडघ्यापर्यंत गेल्या. सूर्य बुडाला. मी म्हटलं, निघू या. त्या म्हणाल्या, “थांब जरा. कोमट आहे खरंच.”

घरी आलो तेव्हा पुरुषांनी बाजारातून दालपुरी आणली होती. आत वाटलेली डाळ. आई म्हणाल्या, “पुरणपोळीच की, नुसता गूळ विसरलेत.” सगळे हसले, पोटभर जेवले. सिंक भांड्यांनी भरलं होतं. ती कुणी घासली म्हणता? जावेने आणि मी. पहाटेचं विमान होतं, वाद घालायला वेळ नव्हता.