तिच्या रक्ताचा हिशेब

(घाटकोपरच्या रमाबाई नगरात, वस्तीच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपण रक्ताच्या गोष्टी फार करतो. रक्त सांडू, रक्त आटवू. आज दुसऱ्या रक्ताबद्दल बोलायचंय. पोटुशी बाईच्या अंगात जे असायला पाहिजे अन् नसतं, त्याबद्दल.

जिना चढताना तिला दम लागतो. नळावर हंडा उचलताना डोळ्यांपुढं अंधारी येते. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. सासू म्हणते, दिवस गेल्यावर असं व्हायचंच. नाय. हा आजार आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की पंडुरोग, ७ च्या खाली गेलं की जिवाशी गाठ. बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तरी अशी बाई तग धरत नाही. मूल कमी वजनाचं, कमी दिवसांचं जन्मतं. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या गरोदर बायांपैकी ४५.७ टक्के अशा निघाल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या.

का? डॉक्टर म्हणतात, सकस खा. कुठून खायचं? भाकरी थापणारी शेवटी जेवते, खरवडून खाते. मटण-मासळीतलं लोह अंगी पटकन लागतं, पालेभाजी-कडधान्यातलं कमी. आपल्या ताटात स्वस्तात येणारं मोठ्याचं मटण. २०१५ साली कायद्यानं बैलाची कत्तलही बंद केली. ताटातलं काढून घ्यायचं अन् वर सकस खा म्हणायचं, ही कुठली रीत?

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब प्रसूती रजेच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं, आणि त्याचा भार सरकारनंही उचलावा, असं त्यांचं म्हणणं. १९२९ साली कायदा झाला, तो कारखान्यातल्या बाईसाठी. मुलुंड-अंधेरीच्या टॉवरात चार घरची भांडी घासणारीला आजही पगारी रजा कोण देतं? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर बाईला अंगणवाडीतून फुकट आहार अन् किमान ६००० रुपये लिहिले. २०१७ च्या योजनेत पहिलटकरणीला ५००० ठरले. हजार कुठं गेले, विचारायला नको?

ज्या माउलीच्या नावानं ही वस्ती आहे, तिनं पाचांतली चार लेकरं मातीआड केली. तिच्या तसबिरीला हार घालतो. मग घरातल्या रमाईचं ताट कोण बघणार?

म्हणून कामं सांगतो. दिवस गेल्याबरोबर नाव नोंदवा, रक्त तपासा, आकडा कागदावर लिहून मागा. लोहाची गोळी रोज, १८० दिवस. मळमळतं, शौचाला काळं होतं, त्यानं घाबरून गोळी टाकू नका. चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. डाळ-भाजीवर लिंबू पिळा. पोटात जंत असतील तर डॉक्टरला विचारून औषध घ्या. कमी खाल्लं की बाळंतपण सोपं जातं, ही समजूत खोटी.

अन् पोरांनो, मोर्चात पुढं राहता ना? मग उद्यापासून हंडा तुम्ही उचला. तिला पहिल्या पंगतीला बसवा. अंगणवाडीत आहार आला नाही तर दहा जण मिळून जा, जाब विचारा. हे धर्मादाय नाही, हक्क आहे.

आधी तिचं ताट भरा. मग घोषणा देऊ.

जय भीम!