गाडी घ्यायची, पण चढ बघून
(प्रभागसंघाच्या सभेत केलेले भाषण)



आज विजेच्या गाडीविषयी बोलायचं आहे. सुरुवात मात्र मॉरिशसपासून करते. हसू नका! आपल्या रत्नागिरीकडची माणसं एकोणिसाव्या शतकात तिथल्या उसाच्या मळ्यांत मजूर म्हणून गेली. त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही तिथे गणपती बसवतात, त्या दिवशी देशाला सुट्टी असते. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब. पेट्रोलचा थेंबन् थेंब जहाजाने येतो, म्हणून सरकारने विजेच्या गाड्यांना सवलत दिली होती. अंतरं छोटी, त्यामुळे एका चार्जिंगमध्ये दिवस निघतो. पण तिथली वीजही बरीचशी आणलेल्या कोळशावर आणि तेलावरच होते, थोडी उसाच्या चिपाडावर. म्हणजे गाडी विजेची झाली म्हणून सगळा धूर गेला, असं होत नाही.

आपली वाडी तरी काय, बेटच की. इकडे खाडी, तिकडे सडा. एसटी चुकली की आमसुलाची गोणी घेऊन रस्त्यावर बसायचं.

गेल्या वर्षी आमच्या तिघींना कुणीतरी स्वस्तातली ई-रिक्षा दाखवली. सपाटीवर छान पळाली. गोळपच्या चढावर चार गोण्या आणि आम्ही दोघी, की गाडी थांबलीच! शेवटी उतरून ढकलली. दोष गाडीचा नव्हता. ती सपाट शहरासाठीच बनवलेली, आम्हीच विचारलं नाही. चढासाठी जास्त ताकदीची मालवाहू तीनचाकी लागते, ती महाग असते.

आता हिशेब. आमच्या गटाला रत्नागिरीला माल न्यायला टेंपोचं भाडं जाऊन-येऊन ६०० रुपये. महिन्याला १२ फेऱ्या, म्हणजे ७,२०० रुपये. आठ युनिटची बॅटरी आपल्या चढांवर ७० किलोमीटर चालेल असं धरलं, तर पूर्ण चार्जिंगला साधारण १०० रुपये. ४० किलोमीटरच्या फेरीला ६० रुपयेच. स्वस्त वाटतं ना? थांबा. साडेतीन लाखांचं बिनव्याजी कर्ज चार वर्षांत फेडायचं तर हप्ता ७,३०० च्या आसपास. वाचणार ६,५०० च्या आत. त्यात विमा, टायर आणि चालवणारीची मजुरी धरलेलीच नाही. एकट्या गटाला हे झेपणार नाही. तीन-चार गटांचा माल एकत्र आला, परतीला किराणा भरला, तरच गाडी स्वतःचा हप्ता स्वतः काढेल.

कर्जासाठी २०१७ पासूनची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आहे. त्यात समूहातल्या महिलेला गाडीसाठी साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्जाची तरतूद आहे. ती प्रवासी वाहतुकीसाठी आहे, तेव्हा आपल्या मालगाडीला काय बसतं ते सीआरपी ताईंना विचारा. पिंक ई-रिक्षा योजनेत २० टक्के सरकार, १० टक्के आपण आणि ७० टक्के बँक, हे ऐकून फोन येतात मला. पण पहिल्या टप्प्यात पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर असे आठच जिल्हे निवडले होते, त्यात रत्नागिरी नव्हती.

आणि पावसाळा! आपल्याकडे जूनमध्ये वीज जाते ती कधीकधी दुसऱ्या दिवशी येते. म्हणून चार्जिंग रात्रीवर ढकलू नका, वीज असेल तेव्हा लावा. पत्र्याखाली, ओल नसलेल्या जागी, वायरमनकडून अर्थिंग तपासून. खाऱ्या हवेने पत्रा गंजतो. बॅटरीची हमी किती वर्षांची, ते तोंडी ऐकू नका, कागदावर घ्या. बॅटरी गेली की अर्धी गाडी गेली.

शुक्रवारी दहा वाजता गाडी दाखवायला येणार आहेत. मैदानात फिरवून दाखवतील, ते बघून टाळ्या वाजवायच्या नाहीत. प्रत्येक गटाने दोन गोण्या भरून आणा. गाडी भरून चढावर घेऊन जायची, मध्येच थांबवायची आणि परत सुरू करायला सांगायची. स्टेअरिंगवर लायसन काढलेली आपलीच बाई हवी.