धान्यावाचून भजी आणि बोंडे

उपवासाच्या दिवशी मराठी स्वयंपाकघर एक अवघड काम अगदी सहज करून दाखविते. गहू, तांदूळ, ज्वारी, डाळ यांपैकी कशालाही हात न लावता ते साऱ्या घराची भूक भागविते. शिंगाडा, राजगिरा, रताळी, सुरण, कच्ची केळी, शेंगदाणे एवढ्या सामग्रीवर घरोघरच्या आजीबाईंनी एक स्वतंत्र पाकशास्त्र उभे केले आहे. मात्र ही विद्या चतुर्थी-एकादशीपुरती राखून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कणकेच्या परातीकडे वळायचे, अशी आपली चाल आहे. ज्या घरातील एखाद्या लेकराला गहूच सोसत नाही, त्या घराला ही विद्या बाराही महिने हवी असते.

सौसर तालुक्यातील मोहगावचे उदाहरण घ्यावे. हा भाग पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. २०२३ साली सौसर व पांढुर्णा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्यप्रदेशाचे आणि कचेरीची भाषा हिंदी असली, तरी चुलीपाशी बोलणे चालते ते नागपुरी वळणाच्या मराठीत. तांबड्या भोपळ्याला इकडे कोहळे म्हणतात, कोथिंबिरीला सांभार म्हणतात. सणावारी कोहळ्याची बोंडे तळण्याची या मुलखाची जुनी रीत आहे. कोहळ्याचा कीस गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक घालायची आणि हाताने लहान लहान गोळे तेलात सोडायचे. पदार्थ रुचकर आहे, स्वस्त आहे, आणि मुलांच्या नकळत त्यांच्या पोटात भाजी जाते. अडचण एवढीच, की त्यात कणीक आहे.

गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. पोळी लाटताना कणीक ताणली जाते ती त्याच्याच बळावर. सिलिॲक नावाच्या विकारात हेच प्रथिन लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. अन्न अंगी लागत नाही, पोट फुगते, जुलाब होतात, मूल वाढीला मागे राहते. पुष्कळदा बाहेरून दिसतो तो केवळ फिकटपणा, आणि घरची मंडळी त्याला अशक्तपणा म्हणून सोडून देतात. भारतात गहू खाणाऱ्या उत्तरेकडील प्रांतांत हा विकार दक्षिणेपेक्षा अधिक आढळतो.

याचे कारण उमगायला वैद्यकालाही वेळ लागला. १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवले आणि मुले सुधारली. श्रेय केळ्यांना मिळाले. वस्तुतः उपकार झाला होता तो ताटातून पाव गेल्याचा! हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय महायुद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे भीषण अन्नटंचाई होऊन पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांचा संशय आणखी बळावला. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात तो सप्रमाण मांडला. केळ्याला मिळालेले श्रेय चुकीचे असले, तरी केळे वाईट ठरत नाही. आपल्या कढईत त्याला मानाची जागा आहे.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. गहू आणि जव वर्ज्य झाले म्हणजे सारेच धान्य वर्ज्य झाले, असे मुळीच नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांत हे प्रथिन नसते. ज्वारीची भाकरी हा तर या भागाचा जुना आधार. पण ती ज्वारी दळून येते कोठून? गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळलेला असतो, जात्याच्या पाळूत त्याचे पीठ राहिलेले असते, आणि ते आपल्या डब्यात येते. निरोग्याला त्याचे काही नाही. या मुलाला मात्र तेवढेही बाधते. म्हणून गिरणीची पायरीच न चढणारे पदार्थ अशा घराला हाताशी असावे लागतात. किसणी, खलबत्ता आणि घरचे मिक्सर एवढ्यावर होणारी भाज्याफळांची भजी त्यांतली पहिली. आणखी एक गोष्ट. केवळ तर्काने मुलाचा गहू आधी तोडू नये. रक्ताची तपासणी गहू खाण्यात असतानाच केली, तरच तिच्यावर विसंबता येते.

आता बोंडांकडे वळू. दोन वाट्या कोहळ्याचा कीस अर्धी वाटी गुळासह मंद आचेवर शिजवावा. पाणी घालू नये, ते कोहळ्यालाच सुटते. कीस पुरता निवल्यावर त्यात शिंगाड्याचे आणि राजगिऱ्याचे पीठ निम्मे निम्मे मिळून वाटीभर, वेलदोड्याची पूड आणि कणभर मीठ घालावे. शिंगाडा वाळवलेला आणावा व घरीच कुटून चाळावा. राजगिरा निवडून मिक्सरमध्ये फिरवावा. कोहळे पाणचट निघाले, तर पीठ थोडे अधिक लागते. या पिठांना कणकेसारखा चिवटपणा नाही. त्यांतील पिष्ट ओलावा पिऊन आणि उष्णतेने घट्ट होऊन गोळा धरून ठेवते. म्हणून मिश्रण दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. गूळ सढळ हाताने घातला, तर बोंडे तेलात विरतात आणि बाहेरून काळवंडून आत कच्ची राहतात.

तिखट प्रकार करायचा, तर रताळे आणि कच्चे केळे सालीसकट उकडून कुस्करावे. त्यात किसून पिळलेला दुधी किंवा गाजर, भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, जिरे, हिरवी मिरची, सांभार घालून चपट्या टिकल्या कराव्या आणि तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्या. आप्प्यांच्या पात्रातही त्या सुरेख होतात. ज्या घरी अंडे चालते, तेथे उपवास नसलेल्या दिवशी एक अंडे फेटून घातले, की टिकली फुटण्याचे भय उरत नाही. पिकल्या केळ्याच्या चकत्या शिंगाड्याच्या दाटसर पिठात बुडवून तळल्या, तर मुले ताटाशी थांबतच नाहीत, कढईपाशीच संपवतात.

राजगिरा घालण्यात केवळ चवीचा विचार नाही. त्यात शंभर ग्रॅमला तेराचौदा ग्रॅम प्रथिन असते आणि लोहही चांगले असते. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट. आतडे दुखावलेल्या मुलाला बहुधा लोहाचीच उणीव असते. त्या लोहाचे शोषण होण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि ते तर या मुलखात झाडाला लटकलेले आहे! संत्रे तळणात घालू नये. उष्णतेने जीवनसत्त्व जाते आणि रसाने पीठ सैल होते. बोंडांबरोबर दोन फोडी कच्च्याच द्याव्या. साल मात्र किसून चिमूटभर केळ्याच्या पिठात टाकावी, वास दरवळतो.

उपवासाच्या भगरीविषयी सहज सांगावेसे वाटते. भगर हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवताचेच बी, म्हणजे चक्क धान्य. पण आपल्या देवघराचे वनस्पतिशास्त्र निराळे, आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ग्लुटेन नसल्याने या मुलाला ती चालते, एवढे पुरे.

सामग्री निर्दोष असूनही घात होतो, तो कढईत आणि मसाल्याच्या डब्यात. ज्या तेलात सकाळी पुऱ्या तळल्या, त्याच तेलात संध्याकाळी बोंडे सोडली, तर सारे श्रम वाया गेले. झारा आणि चाळणीही वेगळी हवी. बाजारी डबीतील हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, हे थोड्यांनाच ठाऊक असते. अशा घरी हिंगाला रजाच द्यावी. शिंगाड्याच्या पिठाला कुबट वास येऊ लागला, तर काटकसरीचा मोह सोडून ते टाकून द्यावे. आणि हेही लक्षात असावे, की धान्य नसले तरी तळण ते तळणच. तेल पुरते तापलेले नसेल, तर बोंड ते पिऊन बसते. चिमूटभर पीठ टाकताच ते सावकाश वर आले, की तेल बेताचे तापले असे समजावे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे मुलांचा तान्हा पोळा भरतो. लाकडी बैल सजवून मुले दारोदार फिरतात आणि प्रत्येक दारी त्यांच्या हातावर खाऊ पडतो. गहू वर्ज्य असलेले मूल अशा वेळी मूठ मिटून मागे उभे राहते, किंवा घेतलेला खाऊ गुपचूप खाऊन रात्री कळवळते. तेव्हा ज्या घरी असे मूल आहे, त्या गृहिणीने आदल्या संध्याकाळीच बोंडे तळावीत, आणि ती एकट्या त्याच्यापुरती तळू नयेत. डबाभर करून चार शेजारघरी पोचवावीत, कशाची केली आहेत ते सांगावे, आणि आपले लेकरू दारात आले की त्याच्या हातावर यांतलेच ठेवावे, एवढे मागून घ्यावे.