गिअरबॉक्सची कंपनं काय सांगतात?

हिंगणघाट, आर्वी या कापसाच्या पट्ट्यात जिनिंगचा हंगाम ऐन भरात असताना गिअरबॉक्स बसला, की कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबतात. फिटर नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतो, मग प्रयोगशाळेत कंपनं मोजायची गरज काय, असं कुणी विचारेल. फिटरचा कान खोटा नाही. पण अनेक मशीन एकदम चालणाऱ्या शेडमध्ये त्याला ऐकू येतो तो बहुधा वाढलेला दोष. प्रयोगशाळेतल्या चाचणीत बेअरिंगलगत कंपनं टिपणारा अ‍ॅक्सेलेरोमीटर बसवतात. मोटरच्या शाफ्टवरचा 20 दात्यांचा गिअर मिनिटाला 1440 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 24 फेरे होतात आणि दाते 480 वेळा गुंततात. कंपनांच्या आलेखात 480 हर्ट्झवर उंचवटा दिसणारच, धडधाकट गिअरलाही तो असतो. त्याच गिअरच्या एका दात्याला तडा गेला, की दोन्ही बाजूंना 24 हर्ट्झवर, म्हणजे 456 आणि 504 वर, छोटे उंचवटे डोकं वर काढतात. कोणता शाफ्ट बिघडला, हे त्या 24 हर्ट्झच्या अंतरावरून कळतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रयोगशाळेत ना रुईची धूळ, ना कमीजास्त होणारा भार. खरंय. पण तिथे एक दाता मुद्दाम खराब करून वेग आणि भार एकेक करून बदलता येतो. जिनिंगच्या गलबल्यात कारण आणि परिणाम इतके सुटे दिसत नाहीत. प्रयोगशाळेतले आकडे मात्र कारखान्याला जसेच्या तसे लावू नयेत. जिनिंगमालकांनी हंगामापूर्वी, गिअरबॉक्स ठणठणीत असतानाच, त्याच्या कंपनांची नोंद करून ठेवावी आणि पुढची प्रत्येक नोंद तिच्याशी ताडून पाहावी.