साठ मिनिटांचा अंश



संयोजकांनी मला संगणक आणि भविष्य यावर बोलायला सांगितले होते. आपल्या वयाला भविष्याचे फारसे कौतुक उरलेले नाही, म्हणून मी अक्षांश-रेखांशांवर बोलते. भूगोलाच्या बाई समोरच बसल्या आहेत, त्यामुळे थोडी धाकधूक आहे.

बाईंनी मैदानात काठी रोवून घेतली होती, आठवतंय? सावली सर्वांत आखूड कधी होते ते बघायचे होते. आपण सगळ्यांनी ठामपणे सांगितले, बरोबर बाराला. साडेबारा वाजत आले तरी सावली आखूड होतच होती आणि निम्म्या वर्गाचे डबे संपले होते. मग बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. आपले घड्याळ चालते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आणि सातारा आहे ७४ अंशांवर. फरक साडेआठ अंशांचा, म्हणजे ३४ मिनिटांचा. म्हणून साताऱ्याचा मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३४ मिनिटांनी. वर्षभरात तो पाव तास इकडे-तिकडे होतो. मुंबईची स्वतःची जुनी वेळ तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. कारण तेच.

घोळ झाला तो पुढे. अंशाचे पुन्हा ६० भाग करतात आणि त्यांनाही मिनिटेच म्हणतात. ही मिनिटे वेळेची नव्हेत, कोनाची. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर. मी वहीत १७ अंश ४१ मिनिटांचे सरळ १७.४१ करून टाकले. बाई म्हणाल्या, “घड्याळात शंभर मिनिटं असतात का गं?” आणि अर्धा गुण कापला. त्या अर्ध्या गुणासाठी मी दोन दिवस फुगून बसले होते.

इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरी लागली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका दूध संस्थेच्या टँकरवर जीपीएस यंत्रे बसवण्याचे काम आले. टँकर कुठे आहे हे नकाशावर दाखवणारा प्रोग्रॅम माझा होता. ते यंत्र अंश आणि मिनिटे जोडून पाठवायचे: १७४१, ७३५९. मी दोन्ही आकड्यांना शंभराने भागले. १७.४१ आणि ७३.५९. दिसायला अगदी नीटनेटके. चाचणीत चुकले नाही, कारण चाचणी ज्या जागी घेतली तिथली मिनिटे कमी होती. मिनिटे शून्याजवळ असली की ही चूक जवळजवळ दिसतच नाही; एकोणसाठला पोचली की एका आकड्यात चाळीसेक किलोमीटरची होते.

आता गंमत बघा, म्हणजे तेव्हा ती गंमत नव्हती. ७४ अंशांची रेषा साताऱ्यालगतच जाते. तिच्या पश्चिमेला टँकर जरा सरकला की ७४ अंश ० मिनिटांचे ७३ अंश ५९ मिनिटे होतात. खरे म्हणजे ते ७३.९८. माझ्या प्रोग्रॅममध्ये ७३.५९. साताऱ्यातला टँकर सह्याद्री ओलांडून थेट चिपळूणच्या बाजूला!

संस्थेला जो छापील अहवाल जायचा त्यात दर अर्ध्या तासाची एकच नोंद असे. उडी कुणाला दिसली नाही, फक्त ठिकाण दिसले. चालकावर ठपका आला, की दूध परस्पर कोकणात विकतो. त्याला गाडीवरून उतरवले, आठ दिवसांचा पगार कापला. तो शेवटी आमच्या ऑफिसात आला. साहेब भेटले नाहीत, मी भेटले. म्हणाला, “ताई, अर्ध्या तासात चिपळूण? दुधाचा टँकर आहे, विमान नाही.”

हा हिशेब कुणीच केला नव्हता. मीही नाही. आकडे संगणकातून आले होते ना!

त्या रात्री साताऱ्याच्या नोंदी कागदावर उतरवल्या. १७.४१ लिहिले आणि हात थांबला. बाईंचा आवाज ऐकू आला म्हणणे फार नाटकी होईल. पण अर्धा गुण आठवला. मागचे दोन आकडे साठाने भागून अंशात मिळवायचे, एवढीच दुरुस्ती. एका ओळीची.

साहेब म्हणाले, नवीन आवृत्तीत गुपचूप बदल करून टाक. मी संस्थेला पत्र लिहिले, चूक माझी आहे म्हणून. त्यावरून बोलणी खाल्ली. चालकाचा पगार परत मिळाला, गाडीही मिळाली. मी फोन करून माफी मागितली तेव्हा त्याने एवढेच विचारले, “आता यंत्र मला साताऱ्यातच दाखवतंय ना?”

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर शाळेचे अक्षांश-रेखांश छापायचे ठरले आहे आणि ते काम माझ्याकडे आले आहे. मी अंश-मिनिटांतच लिहिले आहेत, उत्तर आणि पूर्व यांसकट. बाई, छापायला जाण्याआधी एकदा नजर टाका.