मौनाचा अर्थ

'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन लग्नाच्या बैठकीपासून गावच्या पंचायतीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. कोणी बोलला नाही, म्हणजे त्याला मान्य आहे, असा त्याचा सरळ अर्थ. व्यवहारात हे वचन मोठे सोयीचे असते; कारण न बोलणाऱ्याला पुन्हा विचारण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात. परंतु मौनाला दुसरेही कारण असू शकते. ज्याच्याविरुद्ध बोलावयाचे तोच अधिकारावर असला, दार बंद असले आणि हाकेला धावून येणारे कोणी नसले, की माणूस गप्प होतो. त्या गप्प होण्याला संमती म्हणावयाचे की भीती? हा प्रश्न काही सामान्य नागरिकांनी जाहीरपणे विचारला आणि त्यामुळे या देशाचा कायदा बदलला. ती हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

२६ मार्च १९७२ ची रात्र. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाणे. एका तक्रारीच्या चौकशीसाठी १४ ते १६ वर्षांची एक पोरकी आदिवासी मुलगी तेथे आणली गेली होती. मोलमजुरी करून ती पोट भरीत असे. जबाब झाल्यावर बरोबरची माणसे बाहेर पडली. तिला मात्र मागे थांबविण्यात आले. ठाण्याच्या आवारातच दोघा पोलिसांनी आपल्यावर अत्याचार केला, असे तिचे म्हणणे होते. १९७४ साली सत्र न्यायालयाने आरोपींना सोडून दिले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरविला. भीतीने पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायालयाने मानले. परंतु सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची पुन्हा मुक्तता केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याची खूण नव्हती, यावर त्या निकालाचा मुख्य भर होता. जुने वचन देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे अशा रीतीने प्रमाण ठरले.

निकाल लागला, कागद बांधले गेले. अशी कितीतरी प्रकरणे दप्तरात जाऊन पडतात आणि तेथेच राहतात. हे प्रकरण तसे राहिले नाही, याचे श्रेय चार प्राध्यापकांना आहे. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार हे चौघेही कायद्याचे अध्यापक. यांपैकी कोणीही त्या खटल्यात वकील नव्हते. ती मुलगी त्यांच्या नात्यागोत्याची नव्हती आणि हे काम त्यांच्यावर कोणी सोपविलेलेही नव्हते. १६ सप्टेंबर १९७९ रोजी त्यांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत मोठे अंतर आहे, आणि कायद्यालाही ते अंतर मान्य आहे, याची त्यांनी आठवण दिली. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, दोन अधिकारसंपन्न पुरुषांपुढे एका अनाथ मुलीने प्रतिकार करावा आणि त्याच्या खुणाही अंगावर दाखवाव्यात, ही अपेक्षा कोणत्या न्यायबुद्धीत बसते, असा त्यांच्या पत्राचा आशय होता.

न्यायालयाचा अवमान न करता न्यायालयाला प्रश्न विचारणे ही अवघड गोष्ट आहे. त्या पत्राचे बळ यातच होते. वृत्तपत्रांतून त्याची चर्चा झाली, महिला संघटनांमध्ये त्याच्या प्रती हातोहात फिरल्या. १९८० च्या आरंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. त्या वर्षीच्या ८ मार्चला अनेक शहरांतून स्त्रियांनी मोर्चे काढले आणि खटल्याचा फेरविचार व्हावा अशी मागणी केली. या कामाला पगार नव्हता. नोकरी आणि संसार सांभाळून, उरलेल्या वेळात पत्रके लिहावयाची, सह्या मिळवावयाच्या, लोकांची थट्टा आणि घरच्यांची नाराजी सोसावयाची, असे ते काम होते.

त्याचे फळ १९८३ मध्ये दिसले. संसदेने फौजदारी कायद्यात दुरुस्ती केली. पोलीस कोठडी, तुरुंग, रुग्णालय अशा ठिकाणी अधिकाराच्या जोरावर होणारा बलात्कार हा अधिक गंभीर गुन्हा ठरला आणि त्याला किमान १० वर्षांची शिक्षा सांगितली गेली. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असा नियम पुराव्याच्या कायद्यात आला. पीडित स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे हाही याच दुरुस्तीने गुन्हा ठरविला. तो खटला देशभर त्या मुलीच्या नावाने ओळखला गेला. येथे ते नाव घेतलेले नाही, ते या नियमाला धरूनच. पुढे २०१३ मध्ये कायद्याने आणखी स्पष्ट शब्द वापरले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तत्त्व कायम आहे. जिच्यामुळे हे सर्व घडले, तिच्या खटल्याचा निकाल मात्र बदलला नाही. नव्या कायद्याचा लाभ तिच्यामागून येणाऱ्या मुलींना मिळाला, तिला मिळाला नाही.

मौनाला संमती समजण्याची ही चूक एका देशापुरती नव्हती. ते पत्र लिहिले गेले त्याच वर्षी, १८ डिसेंबर १९७९ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याचा करार संमत केला. त्या महत्त्वाच्या करारात स्त्रियांवरील हिंसाचाराविषयी स्वतंत्र कलमच नव्हते. घरात होणारी मारहाण हा खाजगी मामला, मानवी हक्क ही राज्यकारभाराची बाब, अशी तेव्हाची समजूत होती. ही समजूतही स्वयंसेवकांनीच मोडून काढली. १९९१ मध्ये जगभरच्या स्त्री-संघटनांनी एक विनंतीअर्ज सह्यांसाठी फिरविण्यास आरंभ केला. व्हिएन्ना येथे भरणाऱ्या मानवी हक्क परिषदेने स्त्रियांवरील हिंसा हे मानवी हक्कांचे उल्लंघन मानावे, एवढीच त्यातील मागणी होती. जून १९९३ मध्ये परिषद भरली, तोपर्यंत १२४ देशांतून सुमारे ५ लाख सह्या गोळा झाल्या होत्या. परिषदेने ती मागणी आपल्या जाहीरनाम्यात स्वीकारली. त्याच वर्षी २० डिसेंबरला आमसभेने स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाची घोषणा केली, आणि १९९४ मध्ये श्रीलंकेच्या राधिका कुमारस्वामी यांची या विषयावरील पहिल्या विशेष प्रतिवेदक म्हणून नेमणूक झाली.

एवढे होऊनही काम संपलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार जगातील सुमारे ३० टक्के स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा किंवा परक्याकडून लैंगिक हिंसा सोसावी लागते. आपल्या नव्या संहितेतही सज्ञान पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेली आहे. लग्नाच्या दिवशी दिलेला एक होकार जन्मभराचा समजावा, हे त्यामागचे गृहीत. आणि ते त्या जुन्या वचनाचेच भावंड आहे.

कायदा पुस्तकात येईपर्यंत संसदेचे काम असते. पुढे तो ठाण्यातील अंमलदाराच्या टेबलावर, रुग्णालयाच्या तपासणीच्या खोलीत आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या शेजाऱ्याच्या कानी जावा लागतो. रात्री शेजारच्या घरातून आवाज येतात, सकाळी तिच्या गालावर वळ दिसतो, आणि 'त्यांच्या घरचे भांडण' म्हणून चाळीतील दहा बिऱ्हाडे आपापली दारे लावून घेतात. दार ठोठावून विचारपूस करणे, तिला हवे असल्यास तिच्याबरोबर ठाण्यापर्यंत जाणे, १८१ या महिला मदतवाहिनीला कळविणे, यासाठी कोणतीही पदवी लागत नाही. जिच्यावर संकट कोसळले तिच्या मौनाला संमती म्हणता येत नाही, हे कायद्याने आता मान्य केले आहे. ज्यांना बोलणे शक्य होते आणि जे बोलले नाहीत, त्यांच्या मौनाला मात्र ते जुने वचन आजही तंतोतंत लागू पडते.