नवी भाषा आणि जुने कारागीर



संगणकाच्या भाषांवर युनियनवाला माणूस काय बोलणार, अशी शंका आपल्या मनात आली असेल. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही, हे खरे. पण हा वाद कामाचा आहे, आणि कामाचे वाद ऐकण्यातच आमचे आयुष्य गेले.

लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला. आज ते आमच्याच वयाचे आहेत. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. तो उघडा आहे. कोणीही वाचावा, दुरुस्त करावा. त्याची भाषा सी. ती डेनिस रिची यांनी 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविली.

ही सी म्हणजे गार्ड नसलेला पॉवर प्रेस. हात सराईत असेल तर काम झपाट्याने होते. चुकला तर बोट गेले. मेमरीतील जागा सोडून द्यावी आणि पुढे तिलाच हात घालावा, दहा खणांच्या कपाटात अकरावा खण उघडावा, असल्या चुका सी मुकाट्याने होऊ देते. आपल्या मालातील सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे 70 टक्के दोष याच जातीचे असतात, असे मायक्रोसॉफ्टने 2019 साली सांगितले. रस्ट ही नवी भाषा ग्रेडन होअर यांनी 2006 साली सुरू केली; तिची पहिली पक्की आवृत्ती 2015 ची. तिच्यात गार्ड जागेवर बसविलेला आहे. तो काढता येतो, पण तेथे ‘असुरक्षित’ अशी पाटी लावावी लागते. आम्हाला ही पाटी फार आवडली.

डिसेंबर 2022 मध्ये रस्टला लिनक्समध्ये प्रवेश मिळाला आणि कुरबुर वाढली. जुने कारागीर हट्टी आहेत, असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्याकडील रीत पाहा. ज्याने एक भाग बदलला, त्यानेच त्या भागावर अवलंबून असलेले बाकीचे सारे दुरुस्त करावयाचे. ते बाकीचे आपल्याला न येणाऱ्या भाषेत असेल तर? 1928 साली मुंबईच्या विणकरांना दोनऐवजी तीन माग सांभाळा म्हणून सांगितले गेले, आणि सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर राहिले. त्यांचे मागाशी वैर नव्हते. वाढीव ओझे कोणाच्या खांद्यावर, एवढेच ते विचारीत होते. लिनक्समध्ये मात्र हुकूम देणारा मालक समोर नाही. कारागीर कारागिराशी भांडतो, आणि ते अधिक जिव्हारी लागते. रस्टच्या बाजूचे वेडसन अल्मेडा फिल्यो 2024 साली या कटकटीला कंटाळून निघून गेले. 2025 च्या सुरुवातीला जुन्यांपैकी क्रिस्तोफ हेलविग यांनी आपल्या भागाजवळ रस्ट नको म्हणून पाय रोवले.

टोरवाल्ड्स यांनी तेव्हा निवाडा दिला: ज्याला रस्ट नको त्याने तिच्याकडे पाहू नये, पण आपले काम दुसऱ्याने कोणत्या भाषेतून वापरावे, यावर त्याचा नकाराधिकार नाही. रस्टची दुरुस्ती रस्टवाल्यांनीच करावी. आमच्या मते हा निवाडा रास्त आहे, कारण त्यात ओझ्याची वाटणी झाली. डिसेंबर 2025 मध्ये टोकियोच्या बैठकीत रस्टवरील ‘प्रायोगिक’ हा शिक्काही निघाला.

डेबियन या मंडळींकडे मात्र गोष्ट वेगळी झाली. त्यांच्याकडे प्रोग्राम बसविण्याचे जे मुख्य साधन आहे, त्याला मे 2026 पासून किंवा त्यानंतर रस्ट लागेल, अशी सूचना ऑक्टोबर 2025 मध्ये निघाली. अल्फा, एम 68 के अशा जुन्या यंत्रांसाठी रस्टचा वापरण्याजोगा कंपायलर नव्हता. तो सहा महिन्यांत तयार करा, नाहीतर त्या यंत्रांचा नाद सोडा, असे त्यांची देखभाल करणाऱ्यांना सांगितले गेले. ही मुख्यतः हौसेने, पदरमोड करून राबणारी मूठभर माणसे. नोटीस उघड दिली, मुदतही दिली, हे चांगलेच झाले. पण गार्डचा आग्रह धरणाऱ्यांनी त्या मूठभरांच्या मदतीला आपली दोन माणसे धाडावयास हवी होती, आणि ही मागणी आम्ही त्यांच्या बैठकीत असतो तर पहिल्याच दिवशी मांडली असती.